वाचता येतं, पण कळतं का?

मी रायपूरहून, तेलीबांध्यातून बोलते आहे. इथल्या तलावाजवळ आमच्या घरी दर रविवारी मराठी घरांतली आठ-दहा मुलं वाचायला येतात. त्यांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, आणि मराठी बोलायची ती आजी-आजोबांशी. पण हिंदीमुळे देवनागरी येते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून मराठी धडाधड वाचतात. आपण खूश होतो आणि तिथेच फसतो.

एकदा एका मुलीने वाचलं, 'गुरुजींनी त्याला शिक्षा दिली.' एक अक्षर चुकलं नाही. मी विचारलं, 'म्हणजे काय झालं?' ती म्हणाली, 'गुरुजींनी त्याला शिकवलं.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! पुढच्याच ओळीत तो मुलगा रडत होता, पण तो का रडतोय, हा प्रश्न तिला पडलाच नाही. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूरच्या पालकांनाही हा अनुभव असेल.

मुलाच्या डोक्यात काय पोचलं ते आपल्याला दिसत नाही. ते कागदावर दिसावं म्हणून ग्राफिक ऑर्गनायझर वापरायचा. नाव मोठं आहे, गोष्ट साधी: मजकुरातला विचार चौकटी, वर्तुळं आणि बाणांनी मांडायचा. अमेरिकेत २००० साली 'नॅशनल रीडिंग पॅनेल'ने वाचन-आकलनावरचं संशोधन तपासलं, तेव्हा उपयोगी ठरलेल्या पद्धतींत ही एक होती. त्यासाठी पाटी-खडू पुरतो.

आधी शब्दांची चौकट. पाटीवर चार घरं करा. 'शिक्षा' शब्दासाठी: मराठीत अर्थ, हिंदीत अर्थ, माझं वाक्य, एक चित्र. 'राग', 'चेष्टा' हे शब्दही असेच. मुलांना हे शब्द शोधायचं वेडच लागतं.

मग गोष्टीचा नकाशा. आम्ही माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा घेतली. सप्रे घरचे मराठी, पण त्यांनी लिहिलं हिंदीत. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केलं आणि १९०१ साली ही कथा त्यातच आली. मी ती मुलांसाठी मराठीत सांगून लिहून काढली. एक जमीनदार वाड्याचं आवार वाढवायला गरीब विधवेची झोपडी बळकावतो. ती चुलीसाठी तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही.

पाच घरं होती: कोण, कुठे, अडचण, काय केलं, शेवट. पहिल्या वेळी मी घरं आखून कागद वाटले. दहा मिनिटांत सगळे भरले. मी खूश! नीट पाहिलं, तर मुलांनी कथेतलीच वाक्यं उचलून घरांत टाकली होती. चूक माझी होती. आता नियम आहे: आधी वाचायचं, मग कागद पालथा, मग आपल्या शब्दांत लिहायचं. अडलं तरच पुन्हा वाचायचं.

मग खरी मजा आली. 'अडचण' या घरात एकाने लिहिलं, 'जमीनदाराला जागा कमी पडत होती.' दुसरीने लिहिलं, 'आजीची झोपडी गेली.' दोघं भांडायला लागली. मी एवढंच विचारलं, 'अडचण कोणाची?' सगळ्यांनी आपणहून कथा पुन्हा उघडली. शेवटी त्या घराचे दोन भाग झाले.

पुढे एक बाण होता: टोपली उचलली नाही, म्हणून जमीनदाराने झोपडी परत दिली. मी विचारलं, 'टोपली जड होती, एवढ्यानेच?' थोडा वेळ सगळी गप्प. मग एक मुलगा म्हणाला, 'नाही, आजी काय बोलली ते बाणावर लिहायला पाहिजे.' एक टोपली उचलत नाही, तर इथल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा उचलशील, असं ती विचारते. कथेचा जीव त्या बाणात होता आणि तो मुलालाच सापडला.

एक सांभाळा. आकृती मजकुरासारखी हवी. गोष्टीला घटनांची साखळी, कारण-परिणामाला बाण, तुलनेला एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं. तेलीबांधा तलाव आणि बूढा तलाव यांची तुलना आमच्या मुलांनी वर्तुळांतच केली. फिरायची वाट मधल्या भागात गेली, विवेकानंदांचा पुतळा बूढा तलावाच्या बाजूला.

आणि घरं हळूहळू कमी करा. पाचाची तीन, मग कोरा कागद. मग कागदही नको, नुसतं तोंडी सांगायचं. सायकलच्या मागे धरलेला हात कधीतरी सोडावाच लागतो.

आज रात्री मुलाला एक पान वाचायला द्या. 'छान वाचलंस' म्हणायच्या आधी कागद पुढे करा आणि म्हणा, 'काय झालं ते मला काढून दाखव.' काय काढतोय ते शांतपणे बघा.