राख सावडली, आता सावड करू
(शताब्दी सोहळ्यात केलेलं निरूपण)

मायबाप हो, दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून चार दिवस कौतुक चाललंय. व्हायलाच पाहिजे. मला मंडळींनी सांगितलं, महाराज, तुम्ही भूकंपाच्या सालाचं बोला, नव्या पोरांना ते ठाऊक नाही. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. जे डोळ्यांनी पाहिलं आणि जे ह्या वाटेवर शिकलो, तेवढंच सांगतो.

१९९३ साल. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती बोळवले, लोक उशिरा घरी आले, दमून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. आपल्याकडची घरं कशी होती ते म्हाताऱ्यांना माहीत आहे. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवद, माळवदावर दरसाल टाकलेली माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. तीच घरं माणसांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मातीला मिळाली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. ५२ गावं नंतर दुसऱ्या जागी वसवावी लागली.

आमच्या गावात भिंतींना भेगा पडल्या, पण माणसं वाचली. उजाडल्यावर आम्ही टिकाव, फावडी, दोरखंड घेऊन निघालो. तिथं गेल्यावर गल्ली कुठली आणि वाडा कुठला, काही कळेना. त्यात पाऊस. सरणाला लाकूड नव्हतं. मग पडलेल्या घरांच्याच तुळया, दारं, चौकटी काढल्या. ज्या तुळईखाली माणूस गेला, तिच्यावरच त्याला ठेवला. पितृपक्ष तोंडावर आला होता. पण कितीतरी घरांत पितरांना पाणी द्यायला कुणी उरलं नव्हतं.

मदत आली नाही असं कुणी म्हणू नये. लष्कर आलं. साऱ्या महाराष्ट्रातून भाकरी आल्या, कपडे आले. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० लेकरं शिकवायला पुण्याला नेली. ती लेकरं आज मोठी झाली, त्यांना लेकरं झाली. दिल्या हाताचं नाव घ्यावं, म्हणून सांगितलं.

पण आज मला सांगायचंय ते निराळं आहे. तिथं एक म्हातारा दगडावर बसलेला असायचा. त्याची बायको गेली, लेक गेली, दोन नातवंडं गेली. येणारा जो तो त्याला सांगायचा, "बाबा, सगळ्यांचंच गेलंय, तुम्ही एकटेच आहात का?" तीन-चार दिवस त्यानं ऐकून घेतलं. मग एकाला म्हणाला, "सगळ्यांचं गेलं हे खरं हाय. पण माझी लेक एकच होती."

मायबाप हो, मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, पुष्कळ केली. ह्या एका वाक्याएवढं मला कुणी शिकवलं नाही. हजारोंचं दुःख सांगून एकाचं दुःख हलकं होत नाही. पाऊस साऱ्या रानावर पडतो, पण ज्याचं छप्पर गळतं तो आपल्याच घरात भिजतो.

त्या कार्तिकीला पंढरीला जायचं का नाही, असा प्रश्न पडला. अर्धे म्हणाले, सुतकात कसलं टाळ-मृदंग? आपले त्या वेळचे विणेकरी म्हणाले, "दुःखात विठोबाकडं जायचं नाही तर कधी जायचं?" थोडीच माणसं निघाली. तो म्हातारा पण आला. विणेकऱ्यांनी त्याला काही उपदेश केला नाही. शरीर नाशवंत आहे, आत्मा अमर आहे, काही सांगितलं नाही. रोज मुक्कामावर हरिपाठ झाला की त्याच्याजवळ बसायचे आणि म्हणायचे, "आज कुणाचं सांगता?" एका दिवशी त्यानं बायकोचं सांगितलं. एका दिवशी लेकीचं. धाकट्या नातवाला गूळ-भाकरी कशी आवडायची ते सांगितलं. आम्ही नुसतं ऐकलं. चंद्रभागेवर पोहोचलो तेव्हा तो पहिल्यांदा ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी पोटभर जेवला.

कुणी म्हणतात, वारकऱ्यानं रडू नये, त्यानं श्रद्धा कमी पडते. असं कोण म्हणतं? आळंदीला ज्ञानोबारायांनी शके १२१८ ला समाधी घेतली, तेव्हा संतांचा शोक नामदेवरायांनीच अभंगांतून सांगितलाय. नामदेवरायांची श्रद्धा का कमी होती? आणि तुकोबाराय बघा. मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मूल गेलं. त्यांनी पुढं काय केलं? परंपरा सांगते की लोकांकडून येणं असलेली कर्जखतं काढली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. स्वतःच्या घरात भाकर आणि माणूस दोन्ही गेलेलं, तरी दुसऱ्याच्या मानेवरचं जू उतरवलं. दुःख झाल्यावर काय करावं, ते ह्यापेक्षा सोपं करून कोण सांगणार?

आता आजचं बोलतो. भूकंपाला तारीख आहे. दरसाल ३० सप्टेंबरला किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात, फुलं वाहतात. पण एकट्याच्या दुःखाला कुठली तारीख? २०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. त्या दोन वर्षांत आपल्यातली किती माणसं गेली! काहींच्या घरच्यांना तोंड बघायला मिळालं नाही, खांदा देता आला नाही. त्यांच्यासाठी कुठं स्तंभ आहे? नापिकीनं, कर्जानं ज्या घरचा करता माणूस झाडाला लटकला, त्या बाईसाठी कुठली तारीख? तिच्या दारात तर लोक आवाज बारीक करून बोलतात, आणि पुढं पुढं येईनासे होतात.

आपली रीत बघा. माणूस गेला की सगळं गाव जातं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातो. दहावा होतो, तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं. चौदाव्या दिवशी मांडव निघतो आणि खरं दुःख तिथून सुरू होतं. त्या दिवशी दारात कुणी नसतं.

आता ऐका. राख गोळा करायला आपण सावडणं म्हणतो. आणि ज्याच्याकडं एकच बैल आहे, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी करतो, त्याला आपण काय म्हणतो? सावड! आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. दोन शब्द किती जवळचे! म्हणून मी म्हणतो, राख सावडायला गेला असाल, तर सावड करायलाही जा. ज्याच्या जोडीचा बैल मेला, त्याच्या जुवाला दुसरी बाजू कुणीतरी धरली पाहिजे. नाहीतर औत चालत नाही.

शंभर वर्षांच्या ह्या दिंडीनं एवढं करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. एक, ज्या घरी माणूस गेलं तिथं चौदाव्या दिवशी आपल्यातलं कुणीतरी जावं, आणि पुढं वर्षभर दर एकादशीला संध्याकाळी जावं. उपदेश करू नये, "आज कुणाचं सांगता?" एवढंच विचारावं. दोन, त्या घरची पहिली पेरणी आणि पहिली रास दिंडीनं सावडीनं करावी. ट्रॅक्टर असो का बैल, एक दिवस द्यावा. तीन, वर्षात गेलेल्यांची नावं पहिल्या मुक्कामावर घ्यावीत, भूकंपात गेलेल्यांसकट, बायांची आणि लेकरांचीसुद्धा. आणि चार, डोक्यावर तुळस देताना बाईच्या कपाळाकडं बघू नये. जिचा धनी गेला, तिला तर आधी द्यावी. विठोबाला सगळ्यांचं कपाळ सारखंच.

ह्याला पैसा लागत नाही, वर्गणी लागत नाही. लागतं ते पायी चालणं, आणि ते आपल्याला येतं. पंढरी पुष्कळ लांब असून आपण जातो. शेजारचं दार तर चार पावलांवर आहे.

रामकृष्ण हरी.