अपुरं काम आणि सार्वकालिक जीवन



 आज अशा विषयावर बोलणार आहे, जो आपण ख्रिस्ती लेखक मंडळी शिताफीने टाळतो. प्रेषितांचा मतांगीकार म्हणताना देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन आपण खड्या आवाजात मान्य करतो. लिहायला बसलो की मात्र ते कबरस्तानाच्या फाटकाशी सोडून येतो.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू सार्वकालिक जीवन सांगतो, ते वर्षं मोजून नव्हे. देवाला ओळखणं हेच ते जीवन, असं तो म्हणतो. ओळख आजच होऊ शकते, म्हणून ते जीवनही आजच सुरू होतं. मरणाने ती ओळख तुटत नाही, ही आपली आशा.

मराठी माणसाला देवाच्या सहवासाची ही ओढ परकी नाही. तुकोबांनी मोक्ष नको, पुन्हा गर्भवास चालेल म्हटलं, ते भक्तीचा आणि संतांचा सहवास सुटू नये म्हणून. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचं बोट सोडलं नाही. तरी या दोन श्रद्धांतला फरक झाकू नये. ख्रिस्ती माणूस पुनर्जन्माची वाट पाहत नाही. हाच देह, हीच सृष्टी देव नवी करील, अशी त्याची श्रद्धा आहे. तेव्हा भुकेलेल्याची भाकरी आणि आजाऱ्याची जखम यांच्याकडे तो ‘नश्वर’ म्हणून पाठ फिरवू शकत नाही.

ही आशा रडू दाबायलाही सांगत नाही. मेलेल्या लाजराला उठवायचंच होतं, तरी त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला. आपल्याकडे मयताच्या घरी कुणीतरी पोरांना दटावतंच, ‘रडायचं नाही, प्रभूने नेलंय.’ आपले स्मरणलेखही तसेच. माणूस कशावर चिडायचा, कुणाशी अबोला धरून गेला, यातलं काही नाही. पहिल्याच परिच्छेदात तो स्वर्गात पोचलेला! टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात टिळकांचा लहरीपणा, संसाराची ओढाताण, स्वतःचे रुसवे, सगळं मांडलं. ज्याला देवाच्या हाती सोपवलंय, त्याला रंगसफेदी कशाला लागते?

या आशेची खरी परीक्षा मला अपुऱ्या कामात दिसते. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांतच थांबलं होतं. ज्या लक्ष्मीबाईंना लिहिण्यावाचण्याची गोडी लग्नानंतर लागली, त्यांनी ते पुढे नेलं आणि पुरं केलं. केडगावला पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल करत होत्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. छापील प्रत हातात पडेल याची हमी नसताना त्या काना-मात्रा सुधारत होत्या. सगळं आपल्याच हयातीत उरकलं पाहिजे, ही धास्ती ज्याची सुटली, तोच असं काम करू शकतो. चांगलं काम देव वाया जाऊ देत नाही, हे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात, पुनरुत्थानावरच्या अध्यायाच्या शेवटी सांगितलं आहे. तिथे त्याने हुरळून न जाता कामाला लागायला सांगितलं, हे लक्षात घ्या.

म्हणून माझी एक मागणी आहे. आपल्या घरांत, मंडळ्यांत गेलेल्या माणसांच्या वह्या पडून आहेत: अर्धी राहिलेली कीर्तनं, भजनं, आत्मचरित्रं, उपदेशांची टिपणं. त्या ट्रंकांतून काढा. वाचा, नीट लावा, जमेल तिथे पुऱ्या करा, आणि पुढच्या साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मांडा. ज्यांचं काम आपण पुरं करू, ते लोक देवाजवळ जिवंत आहेत असं आपण मानतो. मग त्यांच्याशी संपादकाला शोभेल इतक्या प्रामाणिकपणे वागू या.