कुत्र्यांचा उलटणारा त्वचारोग

ज्या घरीं कुत्रें पाळलेलें असतें, तेथील मंडळींना रात्रीचा एक आवाज परिचयाचा असतो. सर्वत्र सामसूम झालेली असते आणि पलंगाखालीं कुत्रें मागच्या पायानें अंग खाजवीत असतें; त्या पायाचा फरशीवर एकसारखा ठेका चाललेला असतो. पहिल्या रात्रीं तिकडे कोणी लक्ष देत नाहीं. चार दिवसांनीं पोटावर तांबडें पुरळ दिसूं लागलें म्हणजे घरांत एकच निदान होतें, “ह्याला लूत लागली!” मग कोणी गंधकाचें मलम सुचवितो, कोणी खोबरेलांत कापूर घालावयास सांगतो, तर कोणी गेल्या वर्षीं उरलेल्या गोळ्या शोधूं लागतो. आठ-दहा दिवसांत अंग स्वच्छ दिसतें, सर्वांना हायसें वाटतें. आणि महिन्या-दीड महिन्यानें तोच ठेका पुन्हां ऐकूं येतो.

रोग असा पुनःपुन्हां उलटतो, तेव्हां पुष्कळदां औषधापेक्षां निदानच अपुरें असतें. लूत हा एका सूक्ष्म किड्याचा उपद्रव आहे. परंतु कुत्र्यांच्या कातडीवर वारंवार येणाऱ्या पुटकुळ्या बहुधा जंतूंमुळें पिकतात. ॲबर्डीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनीं १८८० सालीं गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यांना वाटोळ्या जंतूंचे पुंजके दिसले. द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात म्हणून, घोस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, १८८२ सालीं त्यांनीं या जंतूंना ‘स्टॅफिलोकॉकस’ हें नांव दिलें. याच कुळांतील, कुत्र्यांच्या अंगावर राहणारी एक जाति २००५ सालीं स्वतंत्र म्हणून ओळखली गेली. तिचें नांव ‘स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस’. तिच्या जोडीला पुष्कळदां ‘मॅलॅसेझिया’ नांवाची सूक्ष्म बुरशीही असते.

आतां ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हे दोन्ही जीव निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतात. घरांतल्या जुन्या भाडेकरूप्रमाणें ते निमूटपणें राहतात. तेव्हां ते आले कोठून, हें विचारण्यापेक्षां ते एकाएकीं शिरजोर कां झाले, हें विचारणें अधिक फलदायी होय. कुत्र्याच्या कातडीचा बाहेरचा थर माणसाच्या कातडीपेक्षां पातळ असतो. तो खाजवून ओरबाडला गेला, दमटपणानें नरमला किंवा आंतील विकारानें दुबळा झाला, कीं भाडेकरूंचें फावतें.

प्रथम रोग ओळखावा कसा, हें पाहूं. कुत्र्याला उताणें निजवून पोट, जांघा व काखा उजेडांत पाहाव्या. आरंभीं बारीक तांबड्या पुटकुळ्या दिसतात. त्यांच्या टोंकाशीं पू धरतो. त्या फुटल्या म्हणजे भोंवतीं कोंड्याचें कडें राहतें. या कड्यामुळें पुष्कळांना गजकर्णाचा भास होतो. आंखूड केसांच्या कुत्र्याचे केस जागजागीं झडतात आणि त्याचें अंग कसर लागलेल्या शालीसारखें दिसूं लागतें. बुरशी माजली असेल तर कातडी तेलकट होते, तिला खवट वास येतो आणि पुढें पुढें ती काळी व जाड पडते. बोटांमधील बेचकें, कान आणि गळ्याची खालची बाजू हीं तिचीं आवडतीं ठिकाणें होत. मात्र गळवें, रक्तमिश्रित पू, सूज, ताप किंवा स्पर्शासरशी वेदना दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही दवडूं नये.

यानंतर मूळ कारणाचा शोध. कमरेच्या मागें, शेपटीच्या बुडाशीं खाज अधिक असेल तर पिसवांचा संशय घ्यावा. पिसवा दिसत नाहींत म्हणून त्या नाहींत असें नव्हे. ज्या कुत्र्याला त्यांची लाळ सोसत नाहीं, त्याला थोडे दंशही पुरतात. बारीक फणीनें केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावे. कणांभोंवतीं तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा समजावी. कोपरे व कानांच्या कडा यांस विलक्षण खाज असून घरच्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर ती खरी लूत असण्याचा संभव असतो. पंजे चाटणें, तोंड घासणें, कान वारंवार बिघडणें, आणि हें सारें सहा महिने ते तीन वर्षें या वयांत सुरू होणें, हीं धूळ किंवा पराग न सोसण्याचीं लक्षणें होत. अन्न न सोसल्यानेंही अशीच खाज सुटते. मध्यम वयाचें कुत्रें सुस्त व लठ्ठ होऊन त्याचे केस झडूं लागले, अथवा त्याची तहान फार वाढून पोट सुटलें, तर अंतःस्रावी ग्रंथींची तपासणी करावी लागते.

येथें घरच्या मंडळींची एक साक्ष फार मोलाची ठरते. पुरळ गेल्यावर खाजही गेली काय? पुरळ जाऊनही खाज उरली असेल, तर मूळ बहुधा किडे किंवा न सोसणारी एखादी वस्तु यांत असतें. दोन्ही एकदम गेलीं असतील, तर ग्रंथींच्या विकाराकडे लक्ष जातें. यास्तव एका वहींत खाज केव्हां सुरू झाली, कोणत्या जागीं, कोणतें औषध किती दिवस दिलें, याची नोंद ठेवावी.

उपचार पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच करावा. कातडीवर कांचपट्टी किंवा चिकटपट्टी दाबून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तर जंतु आहेत कीं बुरशी, हें थोडक्या वेळांत कळतें. किड्यांसाठीं कातडी खरवडून पाहतात. रोग वरवरचा असेल तर क्लोरहेक्सिडीनयुक्त शांपूनें आठवड्यांतून दोन-तीन वेळां घातलेलें स्नान पुष्कळदां पुरेसें होतें. फेंस अंगावर दहा मिनिटें, घड्याळ लावून, राहूं द्यावा. घाईनें धुतल्यास औषधाला काम करण्यास अवसर मिळत नाहीं. डोळे मात्र जपावे. रॉकेल, फिनेल किंवा मोटारीचें जळकें तेल कधींही लावूं नये. कुत्रें तें चाटतें आणि विष पोटांत जातें.

गोळ्या द्याव्या लागल्या, तर खरी कसोटी लागते. पांचव्या दिवशीं खाज थांबते आणि उरलेल्या गोळ्या कपाटांत जातात. वरवरच्या रोगांत सामान्यतः दोन आठवड्यांनीं, खोल रोगांत तीन आठवड्यांनीं वैद्य फिरून तपासतो व थांबावें कीं नाहीं तें ठरवितो. हा निर्णय वैद्याचा आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ सालीं पेनिसिलीनचा शोध लागला, तो याच द्राक्षघोसी जंतूंच्या बशींत. त्यांनींच १९४५ च्या नोबेल व्याख्यानांत, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधाला सरावतात, असा इशारा दिला होता. तो कुत्र्यांच्या बाबतींतही खरा ठरला आहे. नेहमींच्या बहुतेक औषधांना दाद न देणारे जंतु आतां त्यांच्या कातडीवर आढळतात, आणि क्वचित् ते घरच्या माणसांच्या अंगावरही वस्ती करतात. म्हणून रोग उलटल्यास जुनीच गोळी पुन्हां सुरू करूं नये; आधीं पू तपासून कोणतें औषध लागू पडेल तें पाहावें. स्टेरॉइडनें खाज तात्काळ शमते, परंतु निदानावांचून तीं वरचेवर दिल्यास कातडी अधिकच दुबळी होते.

बाकीचें काम घरचें आहे. पिसवांचा बंदोबस्त घरांतील सर्व कुत्र्यामांजरांचा, आणि मुंबई-कोंकणासारख्या दमट हवेंत बारमास करावा. अंथरूण कढत पाण्यांत धुऊन उन्हांत वाळवावें. पावसांतून आल्यावर बोटांमधील बेचकें कोरडीं पुसावीं. अन्नाचा संशय असेल तर वैद्यानें नेमून दिलेलें अन्नच निदान आठ आठवडे द्यावें. या काळांत आजीबाईंनीं मायेनें टाकलेला पोळीचा एक तुकडाही सारी परीक्षा फुकट घालवितो.

कांहीं मूळ कारणें समूळ जात नाहींत. धूळ न सोसणारें कुत्रें जन्मभर तसेंच राहतें. त्याला आंवर घालतां येतो, मुक्ति देतां येत नाहीं. हें आधींच समजलें म्हणजे दर खेपेला नवा वैद्य व नवें मलम शोधण्याचा त्रास वांचतो. आज रात्रीं तो ठेका कानीं आला, तर जुन्या गोळ्यांचें कपाट उघडूं नये. दिवा लावून कुत्र्याचें पोट पाहावें आणि वहींत तारीख टिपून ठेवावी.