नुसते ओठ हलवणाऱ्यांसाठी

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



समूहगीताला मी कायम मागच्या रांगेत असायची, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मी गात मात्र नसायची. नुसते ओठ हलवायची. वाटायचं, चाळीस आवाजांत आपला एक नसला तर कोणाला कळतंय? गाण्याच्या बाईंना कळायचं. त्या रागावल्या नाहीत. एकदा जवळ येऊन म्हणाल्या, "आवाज घरीच ठेवून आली का गं? तुझ्यासारख्या पाच जणी झाल्या, तर बाकीच्यांनी गायचं कोणाच्या जोरावर?"

हे वाक्य मला २००९ मध्ये आठवायला हवं होतं. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. एक ई-मेल फिरत फिरत माझ्याकडे आली. मुंबईत एफएमवर मराठी गाणी लागत नाहीत, ही सल मनात धरून संगीतकार कौशल इनामदार मराठी अभिमानगीत करत होते. कविता आपल्या सुरेश भटांची. जन्म अमरावतीचा असला तरी भट आपल्या नागपूरचेच. रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. गाण्यासाठी ऐकणाऱ्यांनीच पाचशे-पाचशे रुपये द्यावेत, असं आवाहन होतं. कल्पना अगदी नवी नव्हती. १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिला होता, आणि त्याची पटकथा आपल्या तेंडुलकरांची होती.

मी काय केलं? 'मस्त कल्पना!' असं लिहून ती मेल अकरा जणांना पुढे पाठवली. पैसे पाठवायचे राहिले ते राहिलेच.

२७ फेब्रुवारी २०१० ला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, गाणं आलं. ११२ नामवंत गायक-गायिका आणि ३५६ जणांचा कोरस. ऐकताना अंगावर काटा आला, आणि मागोमाग बाईंचं वाक्य आठवलं. मी पुन्हा मागच्या रांगेत उभी राहून ओठच हलवले होते.

पुढच्याच महिन्यात अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटेकर यांचा 'व्हर्च्युअल क्वायर' यूट्यूबवर आला. १२ देशांतले १८५ जण आपापल्या घरून गायले होते. इंजिनिअर म्हणून मला त्याची रचना फार आवडली. इंटरनेटवर सगळ्यांना एकाच क्षणी एकत्र गाता येत नाही; आवाज पोचायला किंचित उशीर होतो आणि ताल सुटतो. म्हणून प्रत्येकाने पडद्यावर व्हिटेकरांचे हात बघत एकट्यानेच गायचं आणि रेकॉर्डिंग पाठवायचं. नंतर ती सगळी एकमेकांवर बसवायची. या पद्धतीत मागची रांगच नसते. ओठ हलवणाऱ्याची फाइल मुकी निघते!

आता आपल्याकडे येते. या स्मरणिकेसाठी प्रत्येकाकडून एक पान किंवा एक फोटो मागितला होता. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, पानं मोजकी. मी कोणाला बोल लावत नाही. माझंही पान तिसऱ्या आठवणीनंतर गेलं. पण आपले काही वर्गमित्र आज नाहीत. त्यांच्याकडून आता काही मागता येणार नाही. उरलेल्यांनी तरी 'नंतर बघू' म्हणू नये.

म्हणून एक विनंती. बाई आज समोर बसल्या आहेत. आपलं समूहगीत त्या हाताने ताल देत एकदा म्हणतील. मी ते मोबाइलवर घेऊन ग्रुपवर टाकीन. कानाला हेडफोन लावा, बाईंकडे बघत घरीच गा आणि रेकॉर्डिंग मला पाठवा. दाभ्यातून पाठवा नाहीतर डलासहून. ज्यांना आज येता आलं नाही आणि जे हे फक्त वाचत आहेत, त्यांनीसुद्धा. जुळवाजुळव माझ्याकडे लागली. ते माझं रोजचंच काम आहे.

माझा आवाज तेव्हाही फाटका होता, आजही आहे. तरी पहिली फाइल माझी असेल. बाई, या वेळी खरंच गाणार आहे.