झुडपाची खरी मोजणी

वृक्षाचे मोठेपण त्याच्या उंचीवरून ठरविण्याची रीत जुनी आहे. झुडपांना मात्र हे माप लागू पडत नाही. याची साक्ष अमेरिकेतील झुडूपवर्गीय ओक देतात.

ओक म्हणजे आपल्या हिमालयातील बांजचे भावंड. अमेरिकेत या कुळातील काही जातींचे उंच वृक्ष होतात, तर काही जाती जन्मभर झुडूपच राहतात. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरउतारांवरील खुरटा ओक साधारणतः एक ते तीन मीटर उंच होतो. रॉकी पर्वतराजीतील गॅम्बेल ओकची तऱ्हा निराळी. रुक्ष, उथळ जमिनीत तो पुरुषभरही वाढत नाही. खोल व ओलसर मातीत मात्र तोच आठ-नऊ मीटरांचा वृक्ष बनतो. उंची जितकी जातीची, तितकीच ती माती आणि पाण्याचीही असते.

या झुडपांचे खरे बळ जमिनीखाली आहे. वणव्यात वरचा भाग जळून गेला, तरी बुडख्यातून नवे धुमारे फुटतात. बांबूचे बेट जसे एका कंदापासून पसरत जाते, तसा कित्येकदा एकच ओक अनेक खोडांनी विस्तारतो. पाहणाऱ्याला झाडी दिसते. प्रत्यक्षात ते एकच झाड असते.

दक्षिण कॅलिफोर्नियातील जुरुपा टेकड्यांवर असाच एक पामर ओक आहे. त्याची उंची जेमतेम एक मीटर. परंतु लांबी सुमारे २५ मीटर आणि रुंदी ८ मीटर. त्याच्या खोडांचे सुमारे सत्तर पुंजके आहेत. ही सर्व खोडे आनुवंशिकदृष्ट्या एकच असल्याचे चाचण्यांत आढळले. जुने लाकूड कुजून नाहीसे झालेले असल्याने, खोडांतील वार्षिक वलयांवरून वाढीचा वेग काढून वयाचे गणित मांडण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार त्याचे वय किमान १३,००० वर्षे ठरते. म्हणजे त्याचा जन्म अखेरच्या हिमयुगातला! पामर ओक एरवी अधिक उंचावरील, थंड व ओलसर जागी आढळतो. हवामान पालटले, सोबती गेले. हा मात्र खडकांच्या आधाराने तगून राहिला. त्याला रुजणारे बी येत असल्याचे आढळलेले नाही. वणव्यांनंतर फुटणारे धुमारे हाच त्याचा वंशविस्तार.

अशा या वनस्पतीच्या शेजारी घरे व उद्योग उभारण्याच्या योजनेवर २०२४ साली मोठा वाद झाला. भोवतालची माती आणि तिच्यात मुरणारे पाणी यांवरच त्याचे जीवन अवलंबून असल्याने, बांधकाम त्याच्यापासून बरेच दूर ठेवावे, अशी वनस्पतिप्रेमींची मागणी होती. कुंपण केवळ झुडपाभोवती घातले, तर झुडूप वाचेल. पण त्याचे पाणी वाचेलच असे नाही.

'नुसते झुडूप' म्हणून जे क्षणात साफ केले जाते, ते घडविण्यास निसर्गाला किती काळ लागला, हे उंची पाहून कळत नाही. कोयता उचलण्यापूर्वी त्याचा पसारा, मुळे आणि वय यांचीही मोजणी व्हावयास हवी.