मुलगी कुणामुळे होते?



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं आधी गावाची थोरवी सांगायची, मग संतांना वंदन करायचं, मग मराठी भाषेच्या भवितव्याची काळजी वाहायची आणि पंगत बसायच्या आत आपणही खाली बसायचं, असा रिवाज आहे. बीड जिल्ह्यातल्या या पाटोद्याची थोरवी मला ठाऊक आहे. पार तेलंगणापर्यंत पाणी नेणारी मांजरा याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. सौताड्याचा धबधबा बघायला लोक लांबलांबून येतात. ते सगळं आज मी बाजूला ठेवतो. मला एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो या मंडपातल्या प्रत्येकाला आहे. पोटातलं मूल मुलगा होणार की मुलगी, हे आईकडून येणाऱ्या पेशीवर ठरतं की बापाकडून येणाऱ्या?

उत्तर शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातली एक जोडी लिंग ठरवणारी. बाईत ती एक्स आणि एक्स, पुरुषात एक्स आणि वाय. बाईच्या बीजात दर वेळी एक्सच येतो, कारण दुसरं काही तिच्याकडे नसतंच. पुरुषाच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स असतो, निम्म्यांत वाय. एक्सवाल्याचा बीजाशी संयोग झाला तर मुलगी, वायवाल्याचा झाला तर मुलगा. फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवता येईल इतकी ही साधी गोष्ट आहे. आणि तरीही या तालुक्यात कुठल्या तरी घरात तिसरी मुलगी झालेल्या बाईला आजही सासू विचारते आहे की तुझ्या पोटी पोरगा का नाही. नवरा तोंड फिरवून बसला आहे. आणि ती बाई स्वतःच स्वतःला अपराधी समजते आहे.

समोरच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली दिसते. साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला? तर ऐका. र. धों. कर्वे नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि शरीराबद्दल, संततिनियमनाबद्दल स्वच्छ मराठीत लिहिलं. त्यापायी त्यांची नोकरी आधीच गेली होती. पुढे अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५३ साली कर्वे गेले, तोवर मासिक चाललं. मराठी साहित्याची परंपरा सांगताना हे नाव आपण गाळतो. ज्ञानोबा-तुकोबांची नावं घेताना आपली मान ताठ असते आणि कर्व्यांचं नाव घेताना खाली जाते, हे मला मान्य नाही. माणसाला स्वतःचं शरीर त्याच्या भाषेत समजावून सांगणं हे साहित्याचं काम आहे, आणि ते आपण सोडून दिलं आहे.

सोडून दिल्याचा हिशोब याच जिल्ह्यात मांडलेला आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. साऱ्या महाराष्ट्रात सगळ्यात खाली. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. कुणी मध्ये हात घातला नाही तर जगात सगळीकडे हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्माला येतात. म्हणजे हजारामागे जवळपास दीडशे मुली कुठे गेल्या, याचं उत्तर आपण सगळ्यांनी द्यायचं आहे. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली याच महाराष्ट्रानं केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी ८०७. आणि ज्या दहा वर्षांत मुली घटल्या, त्याच दहा वर्षांत जिल्ह्यातली साक्षरता वाढली! तेव्हा अडाणी, गरीब, वाडीवस्तीवरच्या माणसांवर खापर फोडू नका. सोनोग्राफीचं यंत्र चालवणारे डॉक्टर शिकलेले होते. त्यांना पैसे मोजणारेही पुष्कळसे शिकलेले होते.

मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. ही आकृती वहीत सुबक काढणारी, पैकीच्या पैकी गुण घेणारी एक विद्यार्थिनी पुढे मला बाजारात भेटली. कडेवर धाकटी, हाताला थोरली. म्हणाली, ‘सर, दोन्ही पोरीच झाल्या, माझंच नशीब फुटकं.’ मी म्हटलं, अगं, तू ती आकृती काढायचीस ना? ती म्हणाली, ‘ते पेपरातलं हो.’ त्या मुलीला मी काय दोष देणार? तिच्या घरात, तिच्या दवाखान्यात, तिच्या देवळात, तिच्या टीव्हीवरच्या मालिकेत एकाही माणसानं ते पेपराबाहेर उच्चारलं नव्हतं. आणि कितीतरी शाळांत ते पेपरातही धड शिकवलं जात नाही. प्रजननाचा धडा आला की ‘घरी वाचून घ्या’ असं सांगून पुढचा धडा उघडणारे शिक्षक इथे बसले असतील. त्यांना मी तोंडावर सांगतो, तुम्ही पगार घेऊन मुलींच्या विरोधात काम करता आहात.

हा शोध लागला कसा, तेही सांगतो, कारण ते ऐकून आपल्या शिक्षिकांना बळ यावं. नेटी स्टीव्हन्स ही अमेरिकेतली शाळामास्तरीण. पोटाला चिमटा काढून पैसे साठवले आणि पस्तिशीच्या घरात विद्यापीठात गेली. १९०५ साली तिनं पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशीत वीसच्या वीस गुणसूत्रं मोठी, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक बारकं. ते बारकं गुणसूत्र नराकडून ज्या शुक्राणूत जातं, त्यातून नर होतो, हे तिनं मांडलं. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितलं आणि बराच काळ श्रेय त्यांच्याच नावावर राहिलं. १९१२ साली, पन्नाशीतच स्टीव्हन्स गेली. हजारो वर्षं बाईच्या माथी मारलेला आरोप एका बाईनं, दळणातल्या किड्यांवरून, पुराव्यानिशी खोडून काढला. तिचं नाव या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला तोंडपाठ असायला हवं.

आपल्याकडे म्हणतात, बाई म्हणजे जमीन आणि पुरुष म्हणजे बियाणं. शेतकऱ्यांनो, हे म्हणणं तुम्हीच नीट तपासा. ज्वारी पेरली आणि ज्वारी उगवली, तर बाजरी का नाही आली म्हणून रानाला कोणी जाब विचारतो का? तुमच्याच दाखल्यानं बाई सुटते. पण हा दाखला मला तरीही नको, कारण तो खोटा आहे. रान बियाण्याला ओल देतं, वाण देत नाही. आई वाण देते. मुलाच्या गुणसूत्रांतला निम्मा वाटा तिचा, अगदी मोजून निम्मा. वंश फक्त बापाचा चालतो, हे जीवशास्त्राच्या कुठल्याही पानावर लिहिलेलं नाही. मुलीच्या पोटी तुमचा वंश चालतोच आहे, तुम्ही त्याला नाव द्यायला तयार नाही इतकंच.

मग सम तिथीला मुलगा आणि विषम तिथीला मुलगी. २०२० साली एका लोकप्रिय कीर्तनकारांच्या तोंडी हे विधान आलं आणि राज्यभर वाद झाला, कोर्टकचेरी झाली. जुन्या वैद्यक ग्रंथांत तसं लिहिलेलं आहे, असं सांगून त्यांची बाजू घेणारे पुष्कळ निघाले. ग्रंथांत लिहिलं असेल. तेव्हाच्या वैद्यांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यांनी आपल्या परीनं अंदाज बांधला, त्याबद्दल मी त्यांना कमी लेखणार नाही. आपल्याकडे सूक्ष्मदर्शक आहे आणि तरी आपण तोच अंदाज उगाळत बसलो आहोत, याचा मला संताप येतो. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतो. बीज जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे नवरा-बायको एकत्र आले ती तिथी आणि गर्भ राहिला ती तिथी वेगळी असू शकते. मग सम कुठली धरायची आणि विषम कुठली? १९९५ साली अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदी ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काहीही मेळ सापडला नाही.

तीच गत ‘मुलगा होण्याच्या औषधाची’. दिवस गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी पुडी देतात. लिंग तर गर्भ राहिला त्याच क्षणी ठरून गेलेलं असतं. मुलगा झाला तर वैद्याची कीर्ती, मुलगी झाली तर बाईनं पथ्य पाळलं नाही. जवळपास निम्म्या वेळा यश ठरलेलंच आहे, असा हा धंदा. पण तो निरुपद्रवी नाही. हरियाणात या पुड्यांवर अभ्यास झाला. त्या घेणाऱ्या बायांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचं आणि मृत जन्माचं प्रमाण अधिक आढळलं. आणि तीन मुलींनंतर ‘आता मुलगाच’ म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, चौथ्या गर्भाला आधीच्या तिघींची खबर नसते. प्रत्येक वेळी शक्यता जवळपास निम्मी-निम्मी.

इथे माझे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, अध्यक्षमहाराज, ज्ञानानं काय होणार? लोकांना मुलगाच हवा आहे. हुंडा आहे, म्हातारपणाची भीती आहे, जमिनीची वाटणी आहे. गुणसूत्रं समजली म्हणून कोण थांबणार? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. चाचणी करणाऱ्या डॉक्टरला गुणसूत्रं पाठ होती, तो थांबला नाही. त्याला थांबवायला धाडी लागतात, खटले लागतात, शिक्षा लागते. २०१२ नंतर या जिल्ह्यानं ते पाहिलं. पण घरातल्या बाईला ज्या आरोपानं मारतात, टाकतात, सवत आणायची धमकी देतात, तो आरोप या ज्ञानानं उघडा पडतो. तिला उलटून बोलायला शब्द मिळतात. हे काही थोडं नाही.

मात्र त्याच मित्रांच्या भिंतीवरच्या घोषणेशी माझं भांडण आहे. ‘मुलगी होण्यास पुरुष जबाबदार’ असं रंगवता. जबाबदार कशाला? गुन्हा झाला आहे का? शुक्राणूंतला कुठला पुढे जाईल, हे पुरुषाच्याही हाती नसतं. आरोप बाईच्या पाठीवरून काढून पुरुषाच्या पाठीवर ठेवलात, तर मुलगी होणं हा आरोपच राहिला. तो आरोपच पुसा.

शरीराच्या अज्ञानाची किंमत आणखी एका ठिकाणी मोजली जाते, म्हणून आता ऊसतोडीच्या कोयत्याकडे वळतो. दसरा-दिवाळी झाली की या तालुक्यातल्या वाड्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी फडावर जातात, कोपीत राहतात. एक खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही बाई मोळ्या वाहते. अंगावरून जातं, पोट दुखतं, ती दवाखान्यात जाते आणि तिला सांगितलं जातं की पिशवी सडली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. २०१९ साली सरकारी समितीसमोर आलेला आकडा असा : बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहा जणींत एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांत हे प्रमाण त्या काळच्या राष्ट्रीय पाहणीत तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

गरिबी, खाड्याचा धाक, दवाखान्याची हाव, सगळं खरं. पण या सगळ्यांना वाव मिळाला तो एका गैरसमजानं : पोरं झाली, आता पिशवीचं काय काम? पांढरं जाणं म्हणजे बहुतेकदा जंतुसंसर्ग, तो गोळ्यांनी बरा होतो. साधी सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर तिशीतल्या बाईला पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत लागतात, हाडं ठिसूळ होत जातात, आणि त्याच अंगानं तिला पुन्हा मोळी उचलायची असते. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा लावायच्या आधी हे तिला तिच्या बोलीत कोणी सांगितलं? एक कथा, एक पथनाट्य, एका पानाची पुस्तिका आपल्यापैकी कुणी लिहिली? ऊसतोडीवर कविता पुष्कळ झाल्या, टाळ्याही पडल्या. त्या कवितांतली बाई दवाखान्यात जाऊन एक प्रश्नसुद्धा विचारू शकली नाही.

जगात इतरत्रही लोकांना मूलभूत विज्ञान येत नाही, हे मला माहीत आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या पाहणीत चारातला एक माणूस ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे बरोबर सांगू शकला नाही. मुलाचं लिंग बापाकडून ठरतं का, हाही प्रश्न त्याच पाहणीत होता आणि दहातल्या चार जणांना तोही आला नाही. पण सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं समजणाऱ्याच्या घरात त्यापायी कुणाचं वाटोळं होत नाही. आपल्याकडे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो, ज्वालामुखीची प्रतिकृती धूर सोडते, पाहुणे नारळ फोडतात. त्या दिवशी गुणसूत्रांची आकृती काढायची लाज कसली वाटते? वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

संमेलनाच्या शेवटी ठराव होतात. अभिजात मराठीचा, ग्रंथालयांच्या अनुदानाचा, ते तुम्ही कराच. अध्यक्ष या नात्यानं मी आणखी एक ठराव मांडतो. या तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रजननाचा आणि आनुवंशिकतेचा धडा मुला-मुलींना एकत्र बसवून, पूर्ण शिकवला जावा. यंदा टोळ्या कारखान्याला निघायच्या आधी, प्रत्येक मोठ्या गावात ऊसतोड बायांची बैठक घेऊन पिशवी, पाळी आणि मुलाचं लिंग या तीन गोष्टी त्यांच्या बोलीत सांगितल्या जाव्यात. आशाताईंनी आणि बायांच्या डॉक्टरांनी त्या सांगाव्यात, आणि त्यांचा मजकूर इथल्या लेखकांनी दसऱ्याच्या आत लिहून द्यावा. पहिला मसुदा मी लिहून आणला आहे, तो या टेबलावर आहे. तो खोडा, सुधारा, तुमच्या बोलीत आणा.

ठरावाला अनुमोदन कोण देतं आहे? उभं राहून नाव सांगा, म्हणजे कामाची वाटणी आत्ताच करता येईल.