घरीं घडविलेला कंडेन्सर मायक्रोफोन

नभोवाणीवरून बोलणारा मनुष्य श्रोत्यांना दिसत नाहीं, आणि त्याच्या व श्रोत्यांच्या मध्यें उभा असलेला मायक्रोफोन तर त्यांच्या ध्यानींमनींही नसतो. गायकाच्या कंठाची वाहवा होते, वादकाच्या बोटांचें कौतुक होतें. परंतु हवेंतील कंप ज्यानें प्रथम टिपला आणि त्याचें विजेंत रूपांतर केलें, त्या मुठीएवढ्या यंत्राची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. असलें नाजूक यंत्र मोठ्या कारखान्यांतच जन्माला यावयाचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आतां खरी राहिलेली नाहीं. स्टुडिओंत वापरतात त्या जातीचा मायक्रोफोन सुट्या भागांच्या संचांतून, घरच्या टेबलावर, सुटीच्या एक-दोन दिवसांत उभा करतां येतो. आणि देशोदेशींचीं हौशी माणसें तसा तो करीतही आहेत. ही गोष्ट कशी साधते, आणि तींतील खरी अवघड बाब कोणती, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम तत्त्व पाहूं. धातूच्या दोन चकत्या एकमेकींना न टेकतां समोरासमोर ठेवल्या आणि त्यांना विजेचा दाब दिला, तर त्यांच्यावर विद्युद्भार सांचून राहतो. या जोडीला कंडेन्सर म्हणतात. आतां या दोहोंपैकीं एक चकती पितळेची व अचल ठेवली, आणि दुसरीच्या जागीं सोन्याचा अतिसूक्ष्म लेप दिलेला प्लॅस्टिकचा ताणलेला पडदा बसविला, तर काय होईल? आवाजाची लहर आली कीं पडदा हालेल. पडदा हालला कीं दोहोंमधील अंतर बदलेल. आणि सांचलेला भार तेवढाच राहून अंतर बदललें, म्हणजे विजेचा दाब त्या प्रमाणांत कमीअधिक होईल. हा कमीअधिक होणारा दाब म्हणजेच आवाजाचें विजेंतील चित्र होय. सारी मेख ‘सांचलेला भार तेवढाच राहून’ या चार शब्दांत आहे. हा भार गळूं न देणें, हेंच मायक्रोफोन घडविणाराचें मुख्य काम.

ही कल्पना प्रत्यक्षांत आणण्याचें श्रेय ई. सी. वेंटे या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जातें. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींत काम करीत असतां त्यानें १९१६ सालीं असा मायक्रोफोन सिद्ध केला व पुढच्याच वर्षीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९२८ सालीं बर्लिन येथें गेऑर्ग नॉयमन यानें आपली कंपनी काढून हें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या पहिल्या नमुन्याला आकारावरून लोक ‘बाटली’च म्हणत. १९४९ सालचा त्याचा यू-४७ हा मायक्रोफोन तर आजही गायकांच्या तोंडीं आहे. त्या काळीं आंतील वीज वाढविण्याचें काम कांचेची निर्वात नळी करीत असे, व तिच्यासाठीं स्वतंत्र वीजपेटी बाळगावी लागे. पुढें ट्रान्झिस्टर आला आणि ही पेटी गेली. १९६६ सालीं नॉर्वेच्या नभोवाणीसाठीं मायक्रोफोन करितांना नॉयमन कंपनीनें, तेथील स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठीं असलेला ४८ व्होल्टांचा पुरवठाच आवाजाच्या तारांतून मायक्रोफोनास दिला. निराळी तार दिसत नाहीं, म्हणून या पुरवठ्याला ‘फँटम’, म्हणजे भुताची वीज, असें नांव पडलें; आणि तो ४८ चा आंकडा आज सर्वत्र रूढ आहे. घरीं मायक्रोफोन करणें सुलभ झालें तें या दोन सुधारणांमुळें.

संच उघडला म्हणजे त्यांत काय असतें? एक धातूची नळकांडी व तिच्यावर जाळीचें डोकें. एक छापील सर्किटाची पाटी. मूठभर रोधक व कंडेन्सर. एक फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर. तीन खुंट्यांचा जोड. आणि एका वेगळ्या, मऊ गादीच्या डबींत जपून ठेवलेली कॅप्सूल. ही कॅप्सूल म्हणजेच तो पडदा आणि ती पितळी चकती. मोठ्या जातीची कॅप्सूल सुमारें ३४ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे चांदीच्या जुन्या बंद्या रुपयाहून किंचित् मोठी असते. तिचा पडदा बहुधा सहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. साधें बोलणें हवेच्या दाबांत जो फरक घडवितें, तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारें पन्नास लाखांव्या भागाएवढा असतो; इतक्या अल्प फरकानें हालावयाचें, तर पडदा असाच हवा. तो घरीं ताणणें नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचें आहे. म्हणून कॅप्सूल तयारच येते. नवशिक्यानें निर्वात नळीचा संचही घेऊं नये. त्यांत शंभराहून अधिक व्होल्टांचा दाब असतो, व तेथील चूक जिवावर बेतूं शकते.

कॅप्सूलमध्यें मावणारा भार फारच थोडा असतो. तिची धारणशक्ती साधारणपणें ६० ते ८० पिकोफॅरड. मायक्रोफोनाच्या एक मीटर लांबीच्या साध्या तारेची धारणशक्तीच तेवढी भरते. अर्थात् कॅप्सूलमधील संदेश तसाच तारेवर घातला, तर तो वाटेंतच विरून जाईल. म्हणून ट्रान्झिस्टर कॅप्सूलच्या अगदीं शेजारीं, त्याच नळकांडीच्या आंत बसवावा लागतो. तसेंच कॅप्सूलला वीज पोंचविणारा रोधक शंभर कोटी ओहमांचा असतो, कां कीं भार आंत जावा पण आवाजाच्या गतीनें परत बाहेर येऊं नये. आतां ध्यानांत घ्यावें कीं, शंभर कोटी ओहमांच्या पुढें बोटाचा घाम, राळेचा थेंब, किंवा दमट हवेचा पातळसा थर हाही एक रस्ता ठरतो. आणि भार त्या रस्त्यानें निघून जातो.

एवढें समजलें म्हणजे कामाचा क्रम आपोआप ठरतो. नळकांडीला कांहीं भोक पाडावयाचें वा कानस लावावयाची असेल, तर तें सर्व आधीं उरकावें. कारण लोखंडाचा वा पितळेचा एक कण पडद्यामागें शिरला, तरी कॅप्सूल कामांतून जाते. मग पाटीवर बुटके भाग आधीं व उंच भाग मागून, असे डाख देऊन बसवावे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांना धन व ऋण अशा बाजू असतात. त्या उलटल्या तर कंडेन्सर जातो. ट्रान्झिस्टर हाताळण्यापूर्वीं जमिनीशीं जोडलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील विजेची ठिणगी त्याला मारणार नाहीं. डाख देऊन झाल्यावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कुंचला घेऊन पाटीवरील राळ धुवून काढावी, एकदां नव्हे, दोनदां. आणि नंतर त्या भागास बोट लावूं नये. चांगल्या संचांत कॅप्सूलची तार, शंभर कोटी ओहमांचा रोधक आणि ट्रान्झिस्टरचा पाय हे पाटीवर न जोडतां टेफ्लॉनच्या लहानशा खुंटीवर, हवेंत अधांतरीं जोडतात. त्याचें कारणही हेंच.

मुंबई, कोंकण व गोवें येथील वाचकांनीं ही बाब विशेष जपावी. तेथें पावसाळ्यांत हवेंतील आर्द्रता शेंकडा ऐंशींच्या वर जाते, आणि दिवाळींत निर्मळ वाटलेला मायक्रोफोन आषाढांत तडतडूं लागतो. घडविण्याचें काम कोरड्या ऋतूंत करावें, आणि यंत्र एरव्हीं सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें.

कॅप्सूल सर्वांत शेवटीं बाहेर काढावी. ती कडेनेंच धरावी. तिच्यावर फुंकर घालूं नये, कीं धूळ पुसण्याचा मोह धरूं नये. स्क्रू आवळतांना हत्यार निसटलें तर पडद्याला जें छिद्र पडतें, त्याला इलाज नाहीं. पडद्याची पुढली बाजू नळकांडीच्या पुढल्या बाजूसच आहे ना, हेंही पाहावें. कारण या जातीचा मायक्रोफोन शेंड्याकडून ऐकत नाहीं, कुशीकडून ऐकतो. तोंड उलट बसलें तर बोलणारा पुढें उभा आणि यंत्राचा कान पाठीमागें, असा विनोद घडतो.

मग परीक्षा. एकाच नांवाचे दोन ट्रान्झिस्टरही स्वभावानें अगदीं सारखे नसतात. म्हणून पाटीवर एक फिरता रोधक असतो, तो फिरवून संचाबरोबरच्या पत्रकांत सांगितलेलें व्होल्टेज आणावें. तें चुकलें तर मोठा आवाज फाटतो. पुढें नवशिक्याला दोन गोष्टी हमखास घाबरवितात. पहिली अशी कीं, कॅप्सूलवर ४८ च्या आसपास व्होल्ट असावयाचे, आणि मीटर दाखवितो जेमतेम अर्धा! येथें दोष यंत्राचा नसतो. मीटरचा स्वतःचा रोध सामान्यतः एक कोटी ओहम असतो. शंभर कोटींच्या वाटेनें झिरपणारी वीज तो आपणच पिऊन टाकतो. मोजणाराच्या मोजण्यानेंच जें नाहींसें होतें तें मोजूं नये, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट म्हणजे मोठा घुमणारा गुंजारव. घरांतील ५० आवर्तनांची वीज उघड्या कॅप्सूलला जशीच्या तशी ऐकूं येते. जाळीचें डोकें व नळकांडी चढवून स्क्रू आवळले, कीं तो गुंजारव बंद होतो. जाळी ही शोभेसाठीं नसून कवचासाठीं असते. गुंजारव राहिला तर कवचाचा जोड तपासावा; तडतड झाली तर पुन्हा धुवावें व वाळवावें. भार कोणत्या वाटेनें गळतो हें शोधीत गेलें, म्हणजे बहुतेक दोष सांपडतात.

अशा रीतीनें घडलेला मायक्रोफोन यू-४७ च्या तोडीचा होईल काय? तसें वचन कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. आवाजाची जात पडदा, त्यामागची चकती, जाळी आणि सर्किट या सर्वांनीं मिळून ठरते. शिवाय आपण घडविलेली वस्तु गोड वाटावी, हा मनुष्यस्वभावच आहे. म्हणून दुसऱ्या कोणाकडून, कोणता मायक्रोफोन कोणता हें न सांगतां, तुलना करवून घ्यावी. कित्येकदां असेंही आढळतें कीं, दोष मायक्रोफोनाचा नसून खोलीचा आहे. उघड्या भिंतींचा प्रतिध्वनि, पंख्याची घरघर, मोरींत ठिबकणारा नळ, हें सर्व तो निमूटपणें टिपतो. तेथें दुसरा संच मागविण्याऐवजीं भिंतीला जाड गोधड्या टांगाव्या आणि पंखा बंद करावा; लाभ अधिक होतो.

मग हा खटाटोप करावयाचा कशासाठीं? घरोघरीं कांहीं आवाज असे असतात, कीं ते दुसरीकडे कोठेंही मिळावयाचे नाहींत: आजीच्या तोंडच्या ओव्या, आजोबांचें पाढे म्हणणें, गांवाकडच्या बोलीचा हेल. ते थोरामोठ्यांच्या स्टुडिओंत जात नाहींत, आणि एकदां गेले कीं परत येत नाहींत. त्यांच्यासाठीं एक चांगला कान घरांतच असणें ही चैन नव्हे. तो घडवितांना हातीं जें कौशल्य येतें, तें मुख्यतः जपण्याचें: हात धुण्याचें, घाई न करण्याचें, अल्पशी पुंजी गळूं न देण्याचें. ज्याला कॅप्सूलवरचा तो एवढासा भार राखतां आला, त्यानें आतां विलंब न लावतां आजीला यंत्रासमोर बसवावें.